फोटोच्या कडेला

लिफ्टचं दार मिटता मिटता एक पाय आत आला, मागून एक खोकं आणि खोक्याच्या वरून दोन डोळे.

“चौथ्याचं बटण दाबता का जरा? हात अडकलेत माझे.”

“दाबलंय. मीही तिकडेच निघालेय.”

“म्हणजे फोटो-लायब्ररीवाल्या तुम्हीच? मला वाटलं, कुणीतरी चष्मा लावलेल्या, रागीट—”

“चष्मा घरी राहिलाय,” मी म्हणाले. “राग आणलाय सोबत.”

तो हसला आणि खोक्यातल्या हार्ड डिस्क खडखडल्या.

कंपनीच्या सगळ्या शाखांचे फोटो एका जागी आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. आजवर जो तो आपापल्या संगणकात फोटो दडवून बसलेला. गोदामाचा एक साधा फोटो हवा तरी चार जणांच्या मिनतवाऱ्या. आता सगळ्यांची मिळून एकच लायब्ररी. प्रत्येक फोटोपुढे लिहायचं – कोण दिसतंय, कुठे काढला, वापरायला परवानगी आहे का... तो कंपनीचा फोटोग्राफर, करारावरचा. रोज दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि मला माणसं ओळखून द्यायचा.

“हे पॅकिंगमधले काका. कधी हसत नाहीत म्हणे. मी नुसतं विचारलं, नात काय म्हणते? बघा, सगळे दात मोजून घ्या.”

“आणि या?”

“यांनी श्वास रोखून पोट आत घेतलंय. तेवढं लिहू नका.”

मी हसायचे... आणि लगेच घड्याळाकडे बघायचे. माझी लेक भिंगरी घरी माझ्या आईपाशी असायची. तिचे बाबा गेले तेव्हा ती रांगतही नव्हती. तेव्हापासून माझा एक कान सतत घराकडे. जेवली असेल का, पडली तर नसेल ना – फोन वाजला की ‘हॅलो’च्या आधी ‘काय झालं?’

“एवढी काळजी करून दमत नाही का हो?” त्याने एकदा विचारलं.

“दमते. पण देऊ कुणाला?”

त्याने माझा गार झालेला चहा उचलून नेला आणि गरम आणून ठेवला.

मग एका सकाळी आमच्या विभागाच्या मॅडमनी हाक मारली. “ये, ये! वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ मिळालं. शोधात ‘आनंद’ टाकलं आणि हा निघाला. तुझ्या लायब्ररीचं पहिलं यश!”

पडद्यावर भिंगरी होती. कंपनीने घरच्यांना बोलावलं होतं त्या दिवशीची. बागेच्या पायरीवरून उडी मारलेली, दोन्ही पाय हवेत, तोंड उघडं. माझी मुलगी... सगळ्या शाखांत, कोण कुठल्या माणसांपुढे! मी तडक त्याला शोधायला निघाले.

तो मला जिन्यात भेटला.

“कुणाला विचारून टाकलात? आई आहे मी तिची!”

त्याचा चेहरा उतरला. “मी नाही टाकला. नाव ‘आनंद’ दिलं होतं, पण ‘विचारायचं आहे’ म्हणून डिस्कवर वेगळा ठेवला होता. तुम्हाला विचारायचा धीरच—”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याची आख्खी डिस्क मीच न बघता एका दमात लायब्ररीत चढवली होती. घरी जायच्या घाईत.

“चला,” तो म्हणाला.

मॅडमसमोर उभा राहून त्याने फोटो परत मागितला.

“वेड लागलंय का? मुखपृष्ठ तुमचं झालं तर नोकरी पक्की करायचं साहेबांनी कबूल केलंय!”

“आईची परवानगी नाही.”

“अगं, मग दे की! किती गोड दिसतेय.” मॅडम माझ्याकडे वळल्या.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मुद्दाम. त्याच्या नोकरीचं ओझं माझ्यावर पडू नये म्हणून. एवढं जपून माझ्याशी कुणी वागल्याला किती दिवस झाले होते...

“नाही,” मी म्हणाले.

“मग टाकू या परत गोदामाचाच! दरवर्षीसारखा,” मॅडम फणकारल्या. मी त्यांच्यासमोरच लायब्ररीतून भिंगरीचा फोटो काढून टाकला.

बाहेर आल्यावर त्याने कॅमेरा पुढे केला. “मूळ फोटो बघा. मग हाही पुसतो. मुखपृष्ठासाठी मॅडमनी कड कापली होती.”

मूळ फोटोत भिंगरीच्या बाजूला, अगदी कडेला, एक हात होता. पुढे झालेला, बोटं पसरलेली, झेलायच्या तयारीत. माझा.

“भिंगरी काय, कुणालाही गोड दिसेल,” तो हळूच म्हणाला. “मी या हातासाठी काढला फोटो. वाटलं... आपण शेजारी उभं राहावं. तिला झेलायला दोघं असलेली बरी. तेव्हापासून वाटतंय.”

मी कॅमेरा त्याच्याकडे परत सरकवला. “तुमची पक्की नोकरी गेली ना माझ्यापायी...”

“करार संपेपर्यंत आहे की. पुढचं पुढे. फोटो पुसू?”

“नको. तुझ्याजवळच राहू दे.” मग धीर करून म्हणाले, “रविवारी घरी ये.”

“कॅमेरा आणू?”

“ते भिंगरीला विचार. ती नको म्हणाली तर नको.”

“आणि... तुला काय विचारू?”

“मला कशाला विचारतोस?” मी म्हणाले. “मी तर बोलावतेय.”