वाळू पश्चिमेला निघाली

बप्पांच्या आयुष्यातल्या शेवटच्या दुपारी मी सार्वजनिक किनाऱ्यावरचे नऊ खांब उपटले. ती शेवटची दुपार आहे, हे अर्थात आम्हा बापलेकींना ठाऊक नव्हतं. माशाचं कालवण झालं होतं, अंगण झाडून झालं होतं, आणि बप्पा जोलीत, म्हणजे आमच्या दोरीच्या जाळीच्या खुर्चीत, पाय सोडून समुद्राकडे बघत बसले होते.

खांब बांबूचे होते, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. बघताच माझं डोकं फिरलं. उत्तरेचा किनारा आधीच परदेशी पाहुण्यांसाठी झावळ्यांच्या कुंपणाआड गेला होता. आता बायका संध्याकाळी अंगभर कपड्यांनिशी डुंबतात तो पूर्वेचा तुकडाही जाणार, अशी कुजबुज महिनाभर चालू होती. मी एकेक खांब उपटला आणि आमच्या भिंतीला लावून ठेवला.

तासाभराने तो आला. गुडघ्यापर्यंत ओला, डोक्यावर टॉवेल, हातात वही.

"माफ करा... इथे माझे नऊ खांब होते. कुणी नेताना पाहिलंत?"

"पाहिलं की. एक बाई होती."

"कशी होती दिसायला?"

"रागावलेली."

त्याची नजर माझ्यामागे भिंतीकडे गेली. मग माझ्या हातांकडे... तळव्यांना अजून वाळू चिकटलेली होती.

"निवळला असेल का आता तिचा राग?"

"कुंपण कोण घालतंय ते कळलं की निवळेल."

"कुंपण नाही हो! मी वाळू मोजतो."

"अस्सं? किती भरली?"

"मोजू दिली असतीत तर सांगितलं असतं."

जोलीतून बप्पांचं हसू फुटलं. "नाहिदा, चहा दे त्याला. सकाळीच मला सांगून गेला होता बिचारा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? आणि इतक्या तावात उपटत होतीस, मधे बोलून मजा कशाला घालवू?"

त्याचं नाव शिफान. राजधानीहून, मालेहून आला होता. समोरच्या बेटावरच्या रिसॉर्टचा पश्चिमेचा किनारा नाहीसा होत चालला होता. बंगल्यांच्या पायऱ्यांना लाटा लागत होत्या, आणि बाहेरून वाळू आणून टाकायची की नाही हे मालकांना ठरवायचं होतं. म्हणून तो दोन्ही बेटांची वाळू मोजत होता, त्यांचीही आणि आमचीही.

"टाकायची काही गरज नाही," बप्पा म्हणाले. "वाळू हरवत नाही, फिरायला जाते. पश्चिमेचा वारा असला की पूर्वेला येऊन बसते. मूळ नक्षत्र लागलं, वारा फिरला, की उठते आणि पश्चिमेला निघते."

"काका, अहवालात नक्षत्र लिहिलं तर नोकरी जाईल माझी."

"मग मोज. मोजूनही तेच निघेल."

वीस वर्षं बप्पांनी त्या रिसॉर्टला होडीने मासळी आणि कलिंगडं पोचवली. पण होडी लागायची मागच्या धक्क्याला. पुढचा किनारा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"कसा आहे रे?" त्यांनी विचारलं.

"उद्या चला ना. दोघंही चला, माझे मदतनीस म्हणून."

"हीसुद्धा?"

"खांब उपटायला माणूस लागतंच," शिफान म्हणाला, आणि चहाबरोबरचा गुल्हे, म्हणजे माशाचा तळलेला गोळा, तोंडात टाकून माझ्याकडे न बघता हसला.

तो गेल्यावर बप्पांनी समुद्रावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मी नसतो तर तू माले सोडून आली नसतीस. चांगली वाचनालयातली नोकरी होती तुझी... माझ्यापायी गेली."

तसं नव्हतं. मालेतल्या त्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता, आणि पुस्तकांच्या ढिगात बसून मला रोज संध्याकाळी बप्पांच्या शेजारची जागा आठवायची. मी त्यांच्यासाठी आले नव्हते, माझ्यासाठी आले होते. हे सगळं जिभेवर आलं होतं.

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

पहाटेच्या नमाजाला ते उठले नाहीत.

शिफान आम्हाला न्यायला पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. त्याच शर्टात त्याने बप्पांना खांदा दिला. त्यानंतर आठवडाभर तो फिरकला नाही. आठव्या दिवशी मी दार उघडलं तर किनाऱ्यावर नऊ खांब पुन्हा उभे होते, आणि तो मोजपट्टीचं एक टोक माझ्यापुढे धरून उभा होता.

"धराल?"

सांत्वनाचा एक शब्द नाही. मी टोक धरलं.

मग रोज सकाळी धरू लागले.

"सरळ धरा."

"सरळच आहे. तुमचंच बघणं वाकडं आहे."

"मग कुठे बघू?"

"वाळूकडे. पगार तिचा मिळतो ना तुम्हाला?"

एकदा लाट चढून आली आणि मी ओरडले, "अरे, तुझी वही भिजतेय!" आम्ही दोघंही थबकलो.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"वही भिजतेय."

"त्याच्या आधीचं."

"आधी काही नव्हतं," मी म्हटलं. पण त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं ते गेलंच.

डिसेंबरात मूळ नक्षत्र लागलं. तिसऱ्या दिवशी वारा फिरला. पहिल्या खांबाजवळची वाळू वीतभर उतरली, आठवड्याने हातभर. जन्मापासून मी हा किनारा बघत होते, पण तो चालतो हे कधी डोळे उघडून पाहिलं नव्हतं. रात्रीत कुणी उचलून न्यावी तशी वाळू जात होती, आवाज न करता... आणि आम्ही दोघं वहीत तिची पावलं मांडत होतो.

जानेवारी संपता संपता तो म्हणाला, "शेवटचं माप समोरच्या बेटावर घ्यायचंय. येतेस?"

होडी मागच्या धक्क्याला लागली. कपडे धुण्याच्या खोल्या, पिंपं, भाजीच्या पेट्या... एवढं मला बप्पांच्या बोलण्यातून पाठ होतं. मग झाडीतून एक पायवाट वळली आणि माझे पाय थांबले.

पाण्यावर उभे असलेले बंगले, काचेच्या जमिनीखाली फिरणारे मासे. समुद्राला लागूनच पोहण्याचा तलाव, त्याची कडा अशी की तलाव कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळू नये. पहाटे दाताळ्याने विंचरलेली वाळू. एवढी माणसं, पण कुणाचाच आवाज चढलेला नाही. मी चपला काढून हातात घेतल्या. का, कोण जाणे.

"ते काहीच नाही," शिफान हळूच म्हणाला. "इकडे ये."

पश्चिमेच्या टोकाला तो एका बंगल्याच्या पायऱ्यांपाशी थांबला. चारच पायऱ्या दिसत होत्या.

"सात आहेत, खालच्या तीन वाळूत गेल्या. नोव्हेंबरात इथे मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो."

आता तिथून समुद्रापर्यंत कितीतरी पावलं नुसती वाळू पसरली होती. नवी, ओलसर, कुणाचंही पाऊल न पडलेली. कुणी बोलावली नव्हती, कुणी आणून टाकली नव्हती. इथले पाहुणे आता तिच्यावर पालथे पडून झोपणार होते, आमच्याकडच्या बायका तिच्यावर बसून सुपाऱ्या कातरायच्या, आणि तिला दोघांचंही काही नव्हतं. वारा फिरला, ती निघाली, ती आली. मी खाली बसून दोन्ही पंजे तिच्यात रोवले. बप्पा, तुम्ही म्हणालात तशीच आली हो, असं मनात म्हटलं आणि डोळे भरून आले.

शिफान शेजारी बसला. त्याने वही मांडीवर उघडली.

"वाळू टाकू नका, असं लिहितोय," तो म्हणाला. "आकडे पानभर आहेत, पण म्हणणं काकांचंच आहे." मग जरा थांबून, "परवाच्या बोटीने मी मालेला जातोय. पुढचं काम दक्षिणेला आहे... दोन वर्षांचं. साहेबांनी विचारलंय. हो म्हणावं लागेल... नाही म्हणायला तसं काही कारण नाही."

तो वहीत काहीतरी लिहीत राहिला. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पेन कोरडंच फिरत होतं.

'ऊन चढलं, निघू या,' हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. अशी वाक्यं मला चटकन सुचतात.

"शिफान," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "मी माले सोडून आले ती बप्पांपायी नाही. मला त्यांच्याजवळ राहायला आवडायचं. जगात सगळ्यात जास्त तेच आवडायचं. त्यांनी त्या संध्याकाळी जवळजवळ विचारलंच होतं, आणि मी सांगितलं नाही."

त्याचं पेन थांबलं.

"तू विचारलेलं नाहीस. तरी सांगते. मला तू आवडतोस. दक्षिणेला गेलास तरी आवडशील... पण जाऊ नकोस."