रिॲक्टरच्या आतून आलेली हाक

पटलं नाही तर सोडून द्या. पण मी स्वतः तिथे उभी होते, आणि यातलं काहीही पदरचं नाही.

मी चंद्रिका. घोलवडला राहते. तलासरीकडच्या एका केमिकल कंपनीत प्रोसेस सेफ्टी मॅनेजर आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही. वायूने, आगीने कुणाचा जीव जाऊ नये, हे माझं काम. टाकीत माणूस उतरवायचा असेल तर शेवटचा होकार माझा.

गेल्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी शटडाउन चालू होता. शनिवार. दिवेलागणीची वेळ.

रिॲक्टर म्हणजे दोन मजली उंचीची बंद पोलादी टाकी. ती धुऊन रिकामी केली होती. आतलं वेल्डिंग बघायला सुदाम उतरणार होता. सुदाम झाई गावचा. फिटर. घरात सगळे मासेमारी करणारे, हा एकटाच कंपनीत.

"मॅडम, सकाळीच गॅस टेस्ट झालीय," मेन्टेनन्सचा प्रविण म्हणाला. "सोमवारी प्लांट चालू करायचाय. सोडा ना त्याला."

"परत टेस्ट कर."

त्याने टाकीच्या माथ्यावर, आत उतरायच्या मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरला. ऑक्सिजन बरोबर होता.

सुदामने पट्टा बांधला. एक पाय आत टाकलासुद्धा.

मशिनं बंद, त्यामुळे हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. एकाएकी...

तेही थांबले.

माझ्या वॉकीटॉकीत खरखर झाली.

"मॅडम..."

आवाज सुदामचा होता.

"मॅडम... श्वास घ्यायला होत नाय..."

मी वर पाहिलं. सुदाम माझ्यासमोर होता. तोंड मिटलेलं. त्याचा वॉकीटॉकी प्रविणच्या हातात. बंद.

मग आतून...

ठक.

ठक... ठक.

रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर कुणीतरी आतून हात मारत होतं.

"बाहेर ये!" मी सुदामचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

प्रविणने टॉर्च मारला. आत कुणी नव्हतं. धुतलेला, चकचकीत पत्रा. बस्स.

"मीटर दोराला बांध," मी म्हणाले. "तळापर्यंत सोड."

मीटर खाली गेला. अर्ध्यावर पोचला आणि किंचाळायला लागला.

आत ऑक्सिजन नव्हताच. नायट्रोजन भरला होता. त्याला वास नाही, रंग नाही. दोन श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही सवड मिळत नाही. नंतर कळलं, नायट्रोजनचा वॉल्व्ह बंद असूनही आतून गळत होता, आणि ती लाइन पक्की बंद करायला मध्ये टाकायची लोखंडी चकती राहून गेली होती.

पण ते नंतर. त्या वेळी प्रविण दोर वर घ्यायला लागला आणि थांबला.

"मॅडम... येत नाय."

मुठीएवढा मीटर. आणि दोर ताणलेला. अडकायला आत काही नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून ओढला. पाण्यातून भरलं जाळं ओढावं तसा जड.

आणि एकदम हलका झाला.

मीटर वर आला. ठोके थांबले. लांब कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला.

सुदाम खाली बसला होता. ओठ पांढरे पडलेले.

"मॅडम, तो माझाच आवाज होता ना?"

मी वाकून त्याचा पट्टा सोडवला.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. भावाच्या बोटीवर जायला लागला. मला बरं वाटलं. माणूस जिवंत होता.

मागच्या महिन्यात घोलवडच्या बाजारात त्याची बायको भेटली. तानी. पुढ्यात बोंबलाची पाटी.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुमी याला टाकीतून काढलात, तवा शुद्धीत होता का तो?"

"तानी, तो आत गेलाच नव्हता. मी दारातच धरला त्याला."

तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं.

"तो तर सांगतो, गेलेलो. लय वेळ होतो आत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सोबत अजून कोन होता, तेवढं सांगत नाय."

मासळी न घेताच मी घरी आले.

नोकरी अजून तीच आहे. सगळ्या टेस्ट करून घेते, सगळ्या चकत्या स्वतः बघते. आणि माणूस उतरवायच्या आधी मॅनहोलमध्ये वाकून एक हाक देते, "आत कुणी आहे का?"

लोक हसतात.

मी मात्र श्वास रोखून थांबते... उत्तर येऊ नये म्हणून.