दातात धरलेली काठी

धुळाप्पा ठार बहिरा होता आणि इंजिन ऐकावं तर धुळाप्पानंच, असं अख्खं सोलापूर म्हणायचं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

लहानपणी त्याचे दोन्ही कान वाहिले होते. पुढं मिलच्या मागखात्यात तीस वर्षं गेली आणि चौसष्ट साली एक दिवस भोंगा झाल्याचं त्याला कळलंच नाही. डॉक्टरनं तपासून कागदावर लिहून दिलं: पडदे गेले, आतली नस शाबूत. म्हणजे हवेतून आलेलं ऐकू येणार नाही, पण हाडातून आलेलं येईल. नोकरी सोडताना धुळाप्पानं मिलमधून एकच वस्तू मागून आणली. मागावर धोटा फेकणारी, हातभर लांबीची, तीस वर्षांत गुळगुळीत झालेली लाकडी काठी. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचं आणि दुसरं दातात धरायचं. कुठला वॉल्व्ह ढिला आहे, कुठलं बेअरिंग खाल्लंय, सगळं त्याच्या कवटीत वाजायचं.

माणसांचं बोलणं मात्र तो ओठांवरून वाचायचा. मागखात्यात सगळेच वाचतात, तिथल्या गदारोळात दुसरा इलाजच नसतो. माणसाला काठी लावून ऐकायचं तर समोरच्यानं दुसरं टोक दातात धरायला हवं. सुनेनं सासऱ्याच्या तोंडातली काठी तोंडात धरायची? शिव शिव! त्यामुळे चार वर्षं घरात वावरणाऱ्या रत्नम्माचा आवाज कसा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. डोईवर पदर, खाली मान आणि मोजकं कानडी बोलणं. तिला आता दिवस गेले होते. लग्नानंतर चार वर्षांनी घरात पाळणा हलणार म्हणून धुळाप्पाची बायको सुंदरम्मा रोज सिद्धरामेश्वराला वाती लावत होती. तिच्यापेक्षा जास्त वेडा झाला होता धुळाप्पा, पण दाखवायचा नाही.

हे सगळं शहात्तर सालचं. त्याच्या आदल्या दिवाळीनंतर माळशिरसचे बागाईतदार हिंदुराव यांनी एक गाडी बैलगाडीवर घालून बाळीवेशीतल्या धुळाप्पाच्या अंगणात आणून उतरवली. विलायती एमजी. दोनच माणसांची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. हिंदुरावांच्या चुलत्यानं कुणा विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतलेली आणि मग पंचवीस वर्षं गुऱ्हाळाच्या खोपटात उभी राहिलेली. पत्र्याखालची लाकडी चौकट वाळवीनं खाल्ली होती आणि इंजिन जाम झालं होतं.

हिंदुरावांच्या मिशा ओठांवर आलेल्या, त्यामुळे त्यांचं बोलणं धुळाप्पाला वाचता येत नसे. त्यांनी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं लिहिलं: गुढीपाडव्याला बजाबाईला घेऊन फिरायचंय. बजाबाई म्हणजे त्यांची नवी बायको, चाळिशीत केलेली.

धुळाप्पानं कामाला हात घातला. सिलेंडरमध्ये रॉकेल ओतून ठेवलं. पंधराव्या दिवशी इंजिन बोटभर फिरलं तेव्हा तो एकटाच हसला. सुताराकडून चौकट करून घेतली. चाकांची एकेक तार ताणली. समोरचा शंकरप्पा त्याच्या जुन्या स्कूटरवरून येता-जाता हॉर्न दाबायचा आणि गल्लीतली पोरं-बाया पोट धरून हसायची. कशाला हसतात, हे धुळाप्पानं कधी विचारलं नाही. बहिऱ्या माणसाला सगळ्या हसण्यांची चौकशी करून चालत नाही.

माघात इंजिन पुन्हा जुळलं. अजून तेल नाही, पेट्रोल नाही, बॅटरी नाही. त्या दिवशी बाराचा भोंगा झाला. तो धुळाप्पाला नेहमी पायाखालच्या फरशीत कळायचा. भोंगा थांबला आणि पिस्टन कुठं घासतोय का बघावं म्हणून त्यानं हातानं इंजिनाचं चाक फिरवत काठी टेकवली, टोक दातात धरलं.

इंजिन चालू होतं.

त्यानं हात काढला. चाक थांबलं. पण कवटीत इंजिन चालूच. चांगलं जमलेलं, चारी सिलेंडर सारखे. त्यावर बांगड्या वाजल्या. मग एक बाई हसली आणि मराठीत म्हणाली, "अवो, माझा डबा राहिला की!"

खरं सांगायचं तर भीती वाटायच्या आधी धुळाप्पाला आनंद झाला. बारा वर्षांनी माणसाचा आवाज! तरुण, जरासा घोगरा, हसता हसता अडकलेला. तो तसाच ओणवा राहिला, लाळ काठीवरून ओघळली तरी. मग आवाज विरला आणि उरलं थंड लोखंड.

तो अडाणी नव्हता. त्यानं काठी हापशाला लावून पाहिली, शंकरप्पाच्या स्कूटरला लावून पाहिली, फरशीला, कडुनिंबाच्या बुंध्याला. काही नाही. शेजारचे माग बंद असताना पाहिलं. गाडी चार हात सरकवून पाहिलं. बाराचा भोंगा थांबला की गाडीत आवाज असायचाच. एरवी नाही.

आणि रोज तो थोडा पुढं जायचा.

चाकांखालची खडी. वळणावर बदललेला गिअर. मग आठव्या-नवव्या दिवशी दोन दणके, लोखंडावर रबराचे. धुळाप्पानं ते लगेच ओळखले. गाडी रेल्वेचे रूळ ओलांडत होती. पुढची चाकं दोन रुळांवरून गेली, दोन दणके. आता मागच्या चाकांचे दोन यायला हवेत.

ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याला त्याच जागी शेळी ऐकू आली. बें बें करत लांबून जवळ येणारी. मग तीच बाई म्हणाली, "थांबा की, मागनं कुणीतरी येतंय." इंजिन जागेवरच फुरफुरत राहिलं. मग शिट्टी. लांब, आणि मग अजिबात लांब नाही.

त्यापुढं काहीच नव्हतं. धुळाप्पानं काठी काढली तेव्हा तिच्यावर दातांचे वण उठले होते.

दोन दिवस तो गाडीजवळ गेला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाची सायकल काढून होटगीच्या रस्त्याला लागला. होटगीच्या अलीकडं रस्ता बिनफाटकाचे रूळ ओलांडायचा, आसपास तशी दुसरी जागा नव्हती. बाभळीखाली पाचसहा शेळ्या चरत होत्या. शेळ्या बघितल्यावर हीच ती जागा अशी त्याची खात्री झाली. त्यानं रुळाला काठी लावली. रूळ मुका होता.

परत येताना त्यानं हिशेब मांडला. गाडी हिंदुरावांची. आवाज बाईचा, तरुण बाईचा, आणि बोलणं मराठी. "अवो" म्हणते आहे. त्याच्या घरात सगळे कानडी बोलणारे. ती बजाबाईच, दुसरी कोण?

पुढच्या खेपेला हिंदुराव आले तेव्हा धुळाप्पानं त्यांचे दोन्ही हात धरले. "मालक, एक ऐका माझं. गाडीत पैल्यांदा बाईसाहेबांना नका बसवू. पाडव्याला तर न्हाईच. का ते इचारू नका, माझ्या गळ्याची आन हाय."

हिंदुरावांनी मान डोलावली. माणूस दिलदार होता. चार महिने हा म्हातारा ऊन-थंडी न बघता गाडीखाली पडून आहे, हे त्यांनी पाहिलं होतं. ते बॉनेटवर लिहिणार, तर आता तिथं धूळ नव्हती, लाल रंग चमकत होता. त्यांनी खाली वाकून मातीत लिहिलं: मग पहिला मान तुमच्या सुनेचा. माहेरी मी स्वतः सोडतो.

रत्नम्माला सातवा लागला होता. पाडव्यानंतर ती बाळंतपणाला माहेरी जाणारच होती, बसनं धक्के खात. माहेर होटगीच्या पलीकडं. हे वाचून धुळाप्पाच्या मनात क्षणभर काहीतरी टोचलं. पण ती नव्हेच. तिला मराठी बोलताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आणि बजाबाई वाचली होती. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तो लहान पोरासारखा रडला. सुंदरम्माला वाटलं, सुनेच्या मानानं रडतोय.

पाडव्याला सकाळी गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. धुळाप्पानं दोन्ही कार्बोरेटरला आळीपाळीनं काठी लावून शेवटचा स्क्रू फिरवला. दोघांचा श्वास एकसारखा झाला. एवढं सुरेख इंजिन त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

निघायला साडेअकरा झाले. हिंदुराव स्टिअरिंगवर बसले. गाडी दोघांचीच, म्हणून रत्नम्माचा नवरा सामान घेऊन सकाळच्या बसनं पुढं गेला होता. रत्नम्मा हिरव्या इरकलीत, दोन्ही हातांत चुडा, लाजत लाजत त्यांच्या शेजारी बसली. तिनं सासऱ्याला गाडीतूनच वाकून नमस्कार केला. अख्खी गल्ली दारात उभी. लिंबं फुटली, गाडी निघाली.

दहा पावलांवर रत्नम्माला काहीतरी आठवलं. तिनं दारावर हात मारला. धुळाप्पाला बांगड्या हललेल्या दिसल्या. मग ती हिंदुरावांकडं वळली. हसत होती. एवढी मोकळी हसताना त्यानं तिला कधी बघितलं नव्हतं. तिचे ओठ त्याला स्वच्छ दिसले. कानडी नव्हतं ते.

अवो, माझा डबा राहिला की.

कानडी न येणाऱ्या माणसाशी ती मराठीच बोलणार, ही साधी गोष्ट धुळाप्पाला तेव्हा सुचली.

"थांबवा!" तो ओरडला. आपण किती मोठ्यांदा ओरडलो हे त्याला कळत नव्हतं. "मालक! गाडी थांबवा!"

हिंदुरावांना वाटलं, म्हातारा आनंदानं ओरडतोय. त्यांनी मागं न बघता हात हलवला. धुळाप्पा पळाला. कोपऱ्यावर त्याच्या वहाणेचा अंगठा तुटला आणि तो तोंडावर आपटला. उठला तेव्हा रस्ता रिकामा होता.

तो तसाच अनवाणी परत फिरला आणि शंकरप्पाच्या गळ्यातच पडला. "स्कूटर काढ. तुझ्या पाया पडतो. होटगीच्या वाटंनं गेल्यात. रुळांच्या आदी गाठ, शंकर, रुळांच्या आदी! हॉर्न वाजवत जा, म्हंजी ऐकून थांबतील."

शंकरप्पानं एकही प्रश्न विचारला नाही. तीन किकमध्ये स्कूटर लागली आणि तो गेला. सणाचे कपडे घातलेली पोरं त्याच्यामागं कोपऱ्यापर्यंत पळाली.

धुळाप्पा पायरीवर बसला. गुडघ्यातून रक्त येत होतं. गाडी नवी जुळलेली, हिंदुराव तिला हळूच नेणार, त्यानंच तसं सांगितलं होतं. स्कूटर गाठेल. गाठायलाच हवी. तो मनात मैल मोजत राहिला. स्कूटर आता गावाबाहेर पडली असेल. आता अर्ध्या वाटेवर असेल.

बऱ्याच वेळानं सुंदरम्मा बाहेर आली. तिच्या हातात रत्नम्माचा डबा होता, डिंकाच्या लाडवांचा. तिला वाटलं, एवढा आटापिटा डब्यासाठीच. ती शेजारी बसली, त्याच्या गुडघ्याला पदर लावला आणि तो वाचू शकेल असं हळूहळू बोलली.

"कशाला एवढा घोर? शंकरप्पाचा हॉर्न ऐकला की थांबतीलच ते. गाव हसतं त्याला."

"का हसतं?" धुळाप्पानं विचारलं.

ती पण हसली. "तुमाला कसं कळणार म्हणा. शेळीगत वरडतो. बें बें."

धुळाप्पा तिच्या ओठांकडं बघत राहिला. ते मिटले तरी बघत राहिला.

मग पायाखालच्या फरशीत बाराचा भोंगा सुरू झाला.