एकच खाच आणि अडकलेली कुर्ली

लॅपटॉपला खाच एक आणि तारा तीन. सांगा बघू, कुठली लावाल? घरी बसून कोणी विचारलं असतं, तर मीही हसले असते. पण आम्ही मालवणच्या समुद्रात आमच्या सौरहोडीवर (उन्हाच्या विजेवर चालणाऱ्या होडीवर) होतो आणि खाली कुर्ली अडकली होती.

मालवणात खेकड्याला कुर्ली म्हणतात. आमची कुर्ली मात्र यंत्राची, नारळाएवढी. आजोबांनी बनवलेली. समुद्रतळावर चालत ती प्रवाळांची (दगडासारखी घरं बांधणाऱ्या इवल्या जिवांची) पाहणी करते. तिला बोलायला मी शिकवलं. आज एका फाटक्या जाळ्यात तिचे पाय गुंतले होते. ओढलं असतं, तर तार तुटून ती कायमची गेली असती. नांग्यांनी जाळं तिनेच कापायला हवं होतं, पण तिची बॅटरी संपली होती. म्हणजे वीज आणि हुकूम दोन्ही वरून, तिच्या तारेतूनच पाठवायचे; ही पहिली तार. दुसरी तार नांग्या हलवायच्या दांडीची. तिसरी चार्जिंगची, कारण लॅपटॉपही शेवटच्या घटका मोजत होता.

“कुठल्या दीडशहाण्याने एकच खाच ठेवली?” मी करवादले.

आजोबा समुद्रशास्त्रज्ञ. त्यांना राग येतच नाही, याचाच मला राग येतो. त्यांनी सावकाश सांगितलं, की खाच म्हणजे दार. दारं जितकी जास्त, तितक्या खाऱ्या हवेला आत शिरायला वाटा जास्त. शिवाय लॅपटॉप जाड आणि जड होतो, तो वेगळाच. याची एकच खाच सगळ्या तारांना चालते, म्हणून तो होडीवर टिकला. आधीचा भरपूर खाचांचा होता, तो गंजून गेला. मला पटलं. पण एकाच दाराशी सगळे खोळंबतात, त्याचं काय?

त्यावरचा उपाय शैलाआत्याकडे होता. होडी तीच चालवत होती. तिने पिशवीतून हब (एका खाचेच्या चार खाचा करणारी डबी) काढला आणि आम्ही भराभर तारा खोचल्या. पडद्यावर कुर्लीचा दिवा लागला. नांगी उघडली, जाळ्याचा एक धागा कापला गेला, आणि दिवा मंद झाला.

“शर्वी, मला वीज पुरत नाही,” कुर्ली म्हणाली.

आजोबांनी विचारलं, “पोफळीच्या बागेत एकाच पाटावर आणखी झाडांची आळी जोडली, तर पाटाचं पाणी वाढतं का गं?”

छे, कसं वाढेल? आहे तेच वाटलं जातं. तसंच हबने खाचा वाढतात, वीज नाही. मग जास्तीचं आळं कुठलं? मी तारांवरून बोट फिरवलं. कुर्ली, दांडी, चार्जिंग… आणि शैलाआत्याचा मोबाईल! रिकामी खाच दिसली की मोबाईल लावायचा, हा आम्हा कांबळ्यांच्या घराण्याचा रोग आहे. घरी आम्ही मिक्सर काढून मोबाईल लावतो.

मी ती तार उपटली. “सवयीने हात गेला,” म्हणत आत्या ओशाळली. तेवढ्यात कुर्लीचा दिवा लख्ख झाला. कच, कच, कच. जाळं सुटलं. आजोबांनी तार हळूहळू वर घेतली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती.

“पुढच्या लॅपटॉपला दोन खाचा हव्यात,” ते म्हणाले. “रबरी झाकणाच्या. एक विजेची, एक कामाची.”

दहा का नाही, असं मी आता विचारलं नाही. किती खाचा हव्यात, ते कामच सांगतं.

कुर्ली माझ्या मांडीवर होती, ओलीचिंब, तार अजून जोडलेली, पायात जाळ्याचे धागे.

“खाली प्रवाळाला नवी फांदी फुटलीय,” ती म्हणाली. “उद्या दाखवू?”

मला रडूच फुटलं. “दाखव,” मी म्हटलं.