‘असे कळते’ नसलेली ओळ

साक्षमापकाने निकाल दिला आणि प्रा. तिडके लगेच सही करायला सरसावले, तेव्हाच वृंदा खानझोडेला खटकलं. जुन्या बातमीतली कुठली ओळ डोळ्यांनी पाहिलेली आणि कुठली ऐकीव, हे सांगणारं हे यंत्र तिडक्यांनी स्वतः बांधलेलं. अकोल्याच्या या प्रयोगशाळेत एकेक निकाल तीन-तीन दिवस घोळवणारा हा सत्तरीचा माणूस आज चहासुद्धा न पिता मोकळा व्हायला निघाला होता. नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

प्रकरण एकशेदहा वर्षांपूर्वीचं. १९३७ साली कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याला आग लागली, दाराला बाहेरून कुलूप होतं, आत सात मजूर बाया जळून मेल्या. तिथल्या साप्ताहिकाने छापलं : ‘पहारेकरी शिदू इंगोले कुलूप घालून पळाला, असे कळते.’ गावाने शेवटचे दोन शब्द सोडले आणि बाकीचं धरून ठेवलं. तेव्हापासून इंगोल्यांचं घर म्हणजे ‘कुलूपवाले’. आता, २०४७ साली, गावात नवा स्मृतिस्तंभ उभा राहत होता आणि त्यावर दोषी म्हणून शिदूचं नाव कोरायचं ठरलं होतं. त्याचा पणतू गुलाब सकाळपासून बाहेरच्या बाकावर निकालाची वाट बघत बसला होता.

“सर, अहवालात यंत्राचं तत्त्व लिहायचंय. सांगता का जरा?” वृंदाने साळसूदपणे विचारलं.

“त्या साप्ताहिकाच्या संपादकाचा दंडकच होता. बातमीदाराने डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर ‘असे कळते’ जोडायचं. नाही जोडलं तर बातमी फाडून टाकायचा. आपण या बातमीदाराच्या चारशे बातम्या कोर्टाच्या आणि रेल्वेच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. ते दोन शब्द कुठे लावायचे यात तो एकदाही चुकलेला नाही. शिदूची ओळ ऐकीव आहे. सुटला बिचारा.”

“आणि बाकीच्या ओळी?”

“त्यांचं काय काम?”

वृंदाने मूळ अंकाचं छायाचित्र उघडलं. बातमीत नऊ ओळी होत्या. यंत्रात आठच घातलेल्या. नववी तिने मोठ्याने वाचली. “‘आतून बाया दार बडवीत असताही किल्ली बाहेरील कुलपालाच होती.’”

तिडके खिडकीकडे बघू लागले. शिदूच्या निर्दयपणाचा पुरावा म्हणून ही ओळ गावाने पिढ्यानपिढ्या ऐकवली होती. तिच्यात ‘असे कळते’ नव्हतं; म्हणजे बातमीदाराने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिडक्यांनी नेमकी तीच ओळ गाळली होती.

“सर, हा बातमीदार तुमचा कोण?”

तिडक्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “आजोबा. ही ओळ मला लहानपणापासून पाठ आहे. घरी त्यांची तसबीर आहे, वृंदा. अगं, एखाद्या ओळीला विसरले असतील ते दोन शब्द लिहायला.”

“मग शिदूच्या ओळीला उगीच लिहिले असतील.”

वृंदाला त्यांची दया आली, रागही आला. यंत्र खोटं म्हणावं तर इंगोले पुन्हा कुलूपवाले. खरं म्हणावं तर त्या दारापाशी, किल्लीपासून हातभर अंतरावर, तिडक्यांचे आजोबा उभे होते. दोन्ही ओळी एकाच माणसाच्या शब्दावर उभ्या होत्या.

तिडक्यांनी खुर्ची ओढली आणि नववी ओळ स्वतःच यंत्रात घातली. पडद्यावर अक्षरं आली : ‘प्रत्यक्ष पाहिलेले.’ त्यांनी दोन्ही निकालांवर सही केली आणि कागद घेऊन तेच बाहेर गेले. वृंदा दारात थांबली. तिडके बाकापाशी जाऊन म्हणाले,

“गुलाबराव, तुमच्या पणजोबांनी कुलूप घातलं याला कसलाही पुरावा नाही. नाव कोरलं जाणार नाही.”

गुलाबच्या डोळ्यांत पाणी आलं. तिडक्यांनी मग दुसरा कागद पुढे केला आणि बातमीदार आपले आजोबा होते हेही सांगितलं. गुलाबने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

“म्हंजे तुमचे आजोबा तिथंच उभे होते. मंग किल्ली काऊन नाही फिरवली जी त्यायनं?”

“ते त्यांनी लिहिलेलं नाही,” तिडके म्हणाले.