ऊन पाण्याचा तळ

सव गावच्या कुंडात अनुपमाने सहज बोटे बुडवली आणि चटका बसताच मागे घेतली.

"ऊन पाणी हाय, मॅडम," मागून कुणीतरी हसले. "विचारायचं तरी!"

तो दीपेश. पुरानंतर सावित्री नदीच्या पात्रात किती गाळ साचला, हे आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणाऱ्या 'सोनार' यंत्राने मोजायला ती आली होती आणि ठरलेला होडीवाला आलाच नव्हता.

"माझी होडी घ्या," तो म्हणाला. "फक्त... तळाशी आमची दुसरी होडी दिसली, तर सांगा."

त्या होडीतून त्याचे वडील सहदेव पुरात माणसे काढायला गेले होते. देहही मिळाला नाही. भावकी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या म्हणत होती. आई चंद्राबाई कुंकू पुसायला तयार नव्हती.

"दिवसभर पडद्याकडंच बघता?" दीपेश होडी हाकताना विचारी.

"तिथे तळ दिसतो."

"आणि वर बसलेला माणूस?"

"त्याची खोली मोजणारे यंत्र नाही —" ती म्हणे आणि नजर चुकवी.

एका दुपारी सवजवळ पडद्यावर होडीएवढा लांबट उंचवटा उमटला.

"तीच असंल?"

खात्री करून मगच बोलायला हवे होते... त्याच्या डोळ्यांकडे पाहून ती म्हणाली, "असेल."

त्या संध्याकाळी चंद्राबाईंनी कुंकू पुसले.

दुसऱ्या दिवशी तिथे उतरवलेल्या पाणबुड्याला नुसती सपाट वाळू मिळाली. मग अनुपमाला चूक उमगली. कोमट पाण्यात आवाज अधिक वेगाने धावतो. तिने तो वेग महाडच्या गार पाण्यात मोजला होता आणि इथे तर झऱ्यांचे ऊन पाणी नदीत मिसळत होते. चुकीच्या वेगाने सपाट तळ कडेला वाकवून दाखवला होता आणि तो बाकच तिला होडी वाटला होता.

तिने दीपेशच्या घरी जाऊन सारे सांगितले. चंद्राबाईंनी कपाळावरून बोट फिरवले.

"मंग आता परत लावू का गो?"



"बोट भाजलं होतं ना तुमचं?" दीपेश एवढेच म्हणाला.

सकाळी तो येणार नाही, असे धरूनच ती घाटावर गेली. होडी उभी होती.

"आज आधी इथलं पाणी मोजा."

तिने आवाजाचा वेगमापक पाण्यात सोडला. "राग आहे ना?"

"हाय. लय हाय." तो वल्ह्याकडे पाहत राहिला. "पण तुम्ही होडीत नसलात की... करमत नाय. ते पन हाय."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला.

पलीकडच्या काठावर चंद्राबाई मोकळ्या कपाळाने, वाकून पुतळ्यासाठी दर्भ खुडत होत्या.