सावलीतली सायकल

"पडलं! अगं, पडलं! थांब!" मागून लोटन ओरडला.

प्रमिलाने करकचून ब्रेक दाबले. काय पडलं ते बघायला वळायचीसुद्धा तिला गरज नव्हती. आज कॅरिअरवरचं सगळंच पडलं होतं! रंगांची पेटी रस्त्यावर उघडी पडली होती, हिरव्या वडीचे तुकडे झाले होते आणि आईने देवपूरहून आणायला सांगितलेली तेलाची बाटली... तिचं तर नावच काढू नका! वैशाखातल्या तापलेल्या डांबरावर तेलाचा ओघळ पार कडेच्या बाभळीपर्यंत गेला होता.

"तरी मी सांगत होतो, हँडलला अडकव," लोटन म्हणाला. हा तिचा चुलतभाऊ. तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण सल्ले मात्र आजोबांच्या वयाचे. त्याच्या सायकलला कॅरिअरच नव्हतं, त्यामुळे डबा, पिशवी, पाण्याची बाटली सगळं हँडललाच लोंबत असे.

"हँडलला लावून झालं! डबा आपटून आपटून गुडघा सुजला आणि पिशवी चाकात गेली!"

"मग पाठीवर घे."

"पाठीवर ड्रॉइंग बोर्ड घेतला की वारा मला थेट बाभळीत नेतो!"

"मग डोक्यावर घे!"

"लोट्या, तोच बोर्ड तुझ्या डोक्यात घालीन हं!"

प्रमिलाला खरोखरच रडू येत होतं, पण रागाने. गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला जायचं तर देवपूरला, आणि तेही सायकलवर. नाना, म्हणजे तिचे वडील, एवढ्यासाठीच अडून बसले होते. शेवटी देवपूरच्या शाळेत सुट्टीत भरणाऱ्या चित्रकलेच्या वर्गाला, तेही लोटन सोबत असेल तर, ते कसेबसे 'हो' म्हणाले होते. हा वर्ग म्हणजे परीक्षाच होती. सुट्टीभर सायकलवर नीट ये-जा केली, तरच जूनमध्ये आठवी! आणि प्रमिला रोज काही ना काही सांडत घरी येत होती.

त्या संध्याकाळी नानांनी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुनं ध्यान कोठे ऱ्हास पोरी? रोज काही ना काही सांडस!"

"नाना, कॅरिअर वाकतं! त्याची स्प्रिंगच धरत नाही!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," नाना म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. झालं! मोठ्या माणसांनी एकदा म्हण फेकली की पुढे बोलायची सोयच राहत नाही.

आईने मात्र जुनी गोणी घेतली, दाभण घेतलं आणि दोन्ही बाजूंना खोल कप्पे असलेली जाडजूड पडशी शिवली. पूर्वी माणसं खांद्यावर टाकत, तशीच. मधला पट्टा कॅरिअरवर, एक कप्पा डावीकडे, एक उजवीकडे!

"हाई ले," आई म्हणाली. "आते पाडीसन दखाड!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काय ऐट होती प्रमिलाची! एका कप्प्यात डबा आणि रंग, दुसऱ्यात कागदांची गुंडाळी, बोर्ड वर आडवा बांधलेला. सायकल जराही कलली नाही. रस्ताभर लोटनच्या तोंडून सल्ला निघाला नाही, यातच सगळं आलं.

शाळेच्या फाटकासमोर मोतीलालकाकांची रसवंती होती आणि रसवंतीमागे मोठा निंब. मुलं तिथेच सायकली लावत. खानदेशचा उन्हाळा तो! उन्हात सायकल ठेवली की टायर फुटायची भीती. पण सावली काही एका जागी बसून राहत नाही. म्हणून मोतीलालकाका मुलांकडून कुलपांच्या चाव्या मागून घेत.

"सावली सरकली की सायकल सरकवतो मी. तुम्ही निवांत चित्रं काढा!" ते म्हणत. मुलांना वाटे, काय देवमाणूस आहे!

नेहमीप्रमाणे प्रमिलाने चावी दिली, पडशी खांद्यावर टाकली आणि ती वर्गात गेली. त्या दिवशी तिने केळीच्या फणीचं चित्र काढलं. वाणी सरांनी ते सगळ्या वर्गाला दाखवलं. आज हे नानांपुढे ठेवायचं, तिने ठरवून टाकलं.

दुपारी ती परत निघाली. पुलापर्यंत सगळं छान होतं. आणि मग, खर्रर्र! पडशी चाकात! कप्प्याचा कोपरा तारांमध्ये गुंडाळला गेला. प्रमिलाने तो ओढून काढला तेव्हा आतल्या चित्राच्या चिंध्या झाल्या होत्या. तिने पडशीला लाथ घातली, सायकलला लाथ घातली आणि रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली.

"माझंच नशीब फुटकं!"

लोटन एरवी नक्की काहीतरी बोलला असता. आज त्याने गुपचूप चित्राचे तुकडे गोळा केले.

घरी नानांनी फाटकी पडशी पाहिली. ते चिडले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं.

"आते बठ्ठं ऱ्हाऊ दे. सकाय जाय शेवटली. मी दुपारले देवपूरले येसू नि सायकल येष्टीना टपवर टाकीसन घर लई येसू."

"उद्याच शेवटचं? आणि आठवी?"

"पुढे देखूत."

नानांचं 'पुढे देखूत' घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा अर्थ 'कधीच नाही'!

प्रमिला अंगणात हातोडी घेऊन कॅरिअर ठोकू लागली. रोज संध्याकाळी ती ते ठोकून सरळ करायची. ठण! ठण! आणि एकदम तिचा हात थांबला.

"लोट्या! सकाळी जाताना कधी काही पडलंय?"

"नाही. येतानाच पडतं."

"म्हणजे सकाळी कॅरिअर सरळ असतं आणि दुपारी वाकतं! मी तर तेव्हा वर्गात असते. मग वाकवतं कोण?"

लोटनने डोळे मोठे केले. "भूत?"

"भुताला कशाला हवं कॅरिअर?" तिने पडशीचा पट्टा उलटा केला. कॅरिअरला टेकलेली बाजू अजून दमट होती आणि तिला बारीक बारीक पिवळट काहीतरी चिकटलं होतं. तिने नखाने ते काढलं. "हा लाकडाचा भुसा आहे. ओला!"

"भुसा?" लोटन ओठ चाटत म्हणाला, कारण त्याला रस आठवला होता. "भुसा तर रसवंतीवर असतो. बर्फाच्या लादीवर!"

बर्फाची लादी! तिचं वजन केवढं! मोतीलालकाका सायकल सावलीत सरकवत नव्हते, बर्फाच्या कारखान्यापर्यंत सरकवत होते!

"आत्ता नानांना सांगू!" लोटन उठला.

"अंगण वाकडं म्हणतील पुन्हा. नुसतं सांगून नाही चालायचं. दिसायला पाहिजे!"

सकाळी त्यांनी कौतिकला गाठलं. कौतिक त्यांच्याच चित्रकलेच्या वर्गातला, शाळेला लागून राहणारा. हकिकत ऐकून तो ताडकन म्हणाला, "चाकातली हवा सोडून देऊ!"

"मग ते दुसऱ्या कुणाची सायकल घेतील," प्रमिला म्हणाली. "तुझ्याकडे कपड्यांची नीळ आहे?"

"नीळ? आईकडे पुडी आहे. का?"

"आण तर! पण कोरडी. पाण्याचा थेंबही लागू देऊ नकोस!"

काळ्या, धुळकट कॅरिअरवर कोरडी नीळ चोळली तर कुणाला दिसणार? दांड्यांना, स्प्रिंगला, सगळीकडे प्रमिलाने ती चोळून चोळून भरली. हात कोरड्या फडक्याने पुसले आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, ही चावी. सायकल सावलीत ठेवाल ना?"

"अगं, हे काय सांगणं झालं?" मोतीलालकाका हसले.

त्या दिवशी प्रमिलाला एक रेघ सरळ काढता आली नाही. आजच बर्फ आणला नाही तर? नानाच आधी येऊन सायकल घेऊन गेले तर?

वर्ग सुटताच तिघं धावत सुटले. नाना रसवंतीच्या बाकावर बसलेच होते. आणि मोतीलालकाका? अहाहा! दोन्ही हात निळे! पांढऱ्या पायजम्यावर निळे पंजे! घाम पुसून पुसून कपाळ आणि नाकाचा शेंडासुद्धा निळा! बिचारे मघापासून हात धूत होते, पण रंग कुठून आला हेच त्यांना कळत नव्हतं.

"या, नाना!" ते म्हणत होते. "तुमच्या पोरीची सायकल जिवापाड जपतो मी. पण पोरंच ती, डबलसीट फिरवत असतील!"

चोराच्या उलट्या बोंबा! प्रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नानांनी हातातला पेला उजेडात धरला. रसात निळसर बर्फाचा खडा तरंगत होता आणि रस पोपटासारखा हिरवागार दिसत होता.

"शेट, हाऊ रस इतला हिरवा कसा? नि तुमना तोंडले काय लागेल शे?"

"नाना, पिऊ नका!" प्रमिला पुढे झाली. "ती नीळ आहे. मी माझ्या कॅरिअरवर चोळली होती. सायकल सावलीत उभी असती, तर ती काकांच्या बर्फावर कशी आली?"

तिने निंबाखालून सायकल ओढून आणली. कॅरिअर वाकून मडगार्डला टेकलं होतं आणि त्यातून निळं पाणी टपटप गळत होतं. दांड्यांवर भुसा होता.

"आणि रोज हिचीच सायकल!" लोटन ओरडला. "हिचंच कॅरिअर सगळ्यांत रुंद आहे ना, लादी मावायला!"

मोतीलालकाका चाचरले. "माझा बर्फवाला गावी गेलाय... म्हटलं, सायकल उभीच तर असते. सावली फुकट देतो मी! जरा वापरली तर..."

"जरा?" प्रमिलाचा आवाज फाटला. "माझं तेल सांडलं, रंग फुटले, चित्र फाटलं! माझी शाळा बुडत होती, काका!"

गर्दी जमली. वाणी सरही आले. सगळं ऐकल्यावर ते मोतीलालकाकांना म्हणाले, "कॅरिअर नवीन बसवून द्यायचं, शेट. आणि सगळ्या पोरांच्या चाव्या आत्ताच्या आत्ता परत!" मग ते नानांकडे वळले. "कोरडा रंग वेगळा दिसतो, ओला वेगळा, हे मी सुट्टीभर शिकवतोय. कामाला लावलं ते तुमच्या मुलीने. फार हुशार पोरगी आहे, नाना!"

लोटनने आणि कौतिकने छाती अशी पुढे काढली, की जणू नीळ त्यांनीच शोधून काढली होती!

प्रमिला मात्र हसली नाही. "नाना, मी सांगत होते कॅरिअर वाकतं. तुम्ही एकदा वाकून बघितलंसुद्धा नाही."

नाना उकिडवे बसले आणि वाकलेल्या दांडीवरून त्यांनी बोट फिरवलं. बोट निळं झालं.

"मनी चूक व्हयनी, बेटा," ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. मग उठून त्यांनी विचारलं, "सर, आठवीमा पोरनं नाव कोठे लिखनं पडस?"

"शाळेतच. पण आता सुट्टी आहे ना! जूनमध्ये शाळा उघडली की या."

"जूनले? तंवर कसाले थांबनं? तुम्ही आजच लिखी ल्या!"

इतके दिवस ओठ आवळून अडवलेलं रडू आत्ता कुठे प्रमिलाला फुटलं.

"आता का रडतेस?" लोटन चक्रावला. "आता तर सगळं छान झालं!"

"गप रे!" प्रमिला म्हणाली आणि तिने पडशीनेच डोळे पुसले.